हौशाचा रविवार

"बैलाला कवा बाटिवलासा, वैनी?"

गुंडूनं हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की शेजारच्या दोन घरांतल्या बायका तव्यावरची भाकरी तव्यावरच ठेवून दारात आल्या.

बयाबाई ओसरीवर बसली होती. धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल, दोन्ही हात मांडीवर. मागं गोठ्यात तिचा हौशा रवंथ करत होता. अंगणात तिचा दीर गुंडू आपल्या कऱ्या बैलाचं दावं धरून उभा होता आणि त्याच्या खांद्यावर जू होतं.

"बाटवायचं काय त्यात?" बयाबाई म्हणाली. "आज रविवार हाय. हौशा जू घ्यायचा न्हाय. शास्त्रात बैलाचं नाव घिऊन सांगितलंय. घरधन्यानं बसायचं, गड्यानं बसायचं, बैलानं बसायचं."

"आन् दिराचं काय सांगितलंय?"

"दिराचं काय लिवल्यालं न्हाय. तुमी खुशाल काम करा, भावजी."

"एका बैलानं पेरायची कुरी वडू व्हय? का दुसऱ्या अंगाला तुमच्या जावंला बांधू?"

"बांध की!" धोंडुबाई मागून आलीच होती. ती गुंडूची बायको, म्हणजे बयाबाईची धाकटी जाऊ. "लगीन झाल्यापासनं दुसरं काय केलंईस?"

दारातल्या बायका हसल्या. गुंडू हसला नाही, आणि त्याला कारण होतं.

शेरेवाडीला मृगापासून पावसानं डोकं वर काढू दिलं नव्हतं. पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला तरी पेरायचा भुईमूग घरातच. शनिवारी सकाळी पाऊस थांबला, ऊन पडलं आणि जमिनी सुकायला लागल्या. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि अंगठ्यानं ढकलला तर तो फुटावा, म्हणजे वापसा आला. गोळा फुटत नसेल तर चिखल, होतच नसेल तर उशीर झाला. या दोहोंच्या मधे जमीन किती वेळ थांबते, ते तिच्या जातीवर असतं. गुंडूचं माळावरचं तांबडं रान रविवारी पहाटेच तयार झालं होतं. बयाबाईचा ओढ्याकाठचा सात-आठ गुंठ्यांचा काळा तुकडा पाणी धरून ठेवणारा. तो सोमवारी दुपारपर्यंत वापशावर येणार, आणि मंगळवारी संध्याकाळी एखादी मोठी सर आली की पुन्हा महिनाभर पाय घालू देणार नाही.

भावाभावांच्या वाटणीत एकेकाला एकेक बैल आला होता. एका बैलानं शेती होत नाही, म्हणून दोघांनी मिळून वारंगुळा केलेला. तुझा बैल आणि माझा बैल, एक दिवस तुझ्या रानात, एक दिवस माझ्या. ज्ञानू, म्हणजे बयाबाईचा नवरा, होता तोवर हे बिनबोभाट चाललं. ज्ञानू गेला आणि जोडीतला एक बैल ख्रिस्ती झाला.

"आज माझं रान पेरू," गुंडू आवाज खाली आणून म्हणाला. "उद्या तुमचं. दोघांचंबी भागतंय. आज बैल दिला न्हाईसा तर उद्या मी माझं पेरणार. परवा मंगळवार हाय, आषाढातला वार, गावात जू बांधत न्हाईत. मग काय करशीला?"

"काय करीन ते मी आन् माझा द्येव बगून घिऊ."

"त्यो बगणार व्हय! पावसानं निम्मं खाल्लं, ऱ्हायल्यालं तुमचा येसू खातोय. घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं!"

जू खांद्यावर आपटत गुंडू गेला. कऱ्या मात्र हौशाकडं मान वळवून बघत रेंगाळला. त्यालाही बहुधा रविवार आवडला असता.

बयाबाईच्या रविवाराची गोष्ट अशी. वाडीतल्या चार घरांनी एका वर्षी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांतली दोन घरं गिरणीत कामाला मुंबईला गेली. एक घर पोरगं आजारी पडल्यावर नारळ घेऊन मरगाईच्या देवळात परत आलं. राहिला ज्ञानू. संस्थान विलीन झालं त्या वर्षी तापानं तोही गेला. मातीला सगळी वाडी आली. मरगाईचा पुजारी केरबा बयाबाईला म्हणाला, "बाई, आता तरी शानी हो. वर्साच्या आत नारळ घिऊन येतीस का न्हाय बग." तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण बयाबाईनं डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "मी जिती हाय तवर माझ्या घरचा माणूस रविवारी हात हालवायचा न्हाय आन् बैल मान हालवायचा न्हाय. नारळाची वाट बगत बस."

त्याला तीन पावसाळे झाले. तिचा विश्वास, मिशनचे मास्तर म्हणत तसा, खडकावर उभा होता की केरबाच्या त्या वाक्यावर, हे तिचं तिलाही नक्की सांगता आलं नसतं. पाया पक्का होता एवढं खरं.

दुपारी अंबादास मास्तर आले. मिशनचे प्रचारक. एक रविवार आड कोल्हापूरहून सायकलवर यायचे. त्या दिवशी रस्त्याला इतका चिखल होता, की शेवटचा मैलभर सायकलच त्यांच्यावर बसून आली. बयाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी आणि कालवण वाढलं. हे शनिवारीच करून ठेवलेलं. शिळं खाताना मास्तरांच्या तोंडावर जी सहनशीलता दिसे, ती त्यांच्या कुठल्याही प्रवचनात नव्हती.

सकाळचा प्रकार तिनं सांगितला. मास्तर खूष झाले.

"मार्थाबाई, ही परीक्षा आहे." बाप्तिस्म्यातलं हे नाव जगात फक्त मास्तर वापरत. "परीक्षेनं धीर येतो, धीरानं माणूस पक्का होतो. शास्त्रातल्या त्या सोशिक माणसाची गोष्ट सांगतो."

"भिंत पडली तवा सांगितलासा. रेडकू मेलं तवाबी सांगितलासा."

"पुन्हा ऐकावी. गुरंढोरं गेली, दहा मुलं गेली, अंगभर फोड आले, तरी त्यानं देवाला नावं ठेवली नाहीत. शेवटी देवानं त्याला सगळं दुप्पट दिलं. मुलंसुद्धा पुन्हा दहा दिली."

"मास्तर, एक इचारू?"

"विचारा की."

"ती परत दहा पोरं दिली म्हंता, ती कुणाला झाली?"

"त्यालाच की."

"त्याला कशी हुतील? त्याच्या बायकुला झाली आस्तील. म्हंजे पयल्या दहा बाळंतपणांवर आनी दहा. परीक्षा त्याची, आन् पोट हिचं! तिला कुणी इचारलं का, बाई गं, तुज्यात धीर हाय का?"

मास्तरांनी भाकरीचा तुकडा बराच वेळ चावला. मग ते म्हणाले, "तिचं नाव दिलेलं नाही."

"कसं देतील?" बयाबाई म्हणाली आणि आणखी कालवण वाढलं.

जेवण झाल्यावर मास्तर मुद्द्यावर आले. ते भले गृहस्थ होते आणि त्यांना तिची काळजी होती. "हे बघा, बैल रविवारी विहिरीत पडला तर बाहेर काढावा, असं प्रभूनंच सांगितलं आहे. पेरणी बुडणं म्हणजे तसंच झालं. मी सांगतो, आज द्या बैल. देव रागावणार नाही."

"तुमी सूट देता?"

"देतो."

"पर मास्तर, शबुद मी तुमाला दिला न्हवता."

"देवालाच दिला होता ना?"

"द्येवाला आन् केरबाला. द्येव सोडंल. केरबा सोडायचा न्हाय."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "मग असं करा. पेरणी नाही झाली तर हट्टानं इथं राहू नका. कोल्हापुरात आपल्या मुलींच्या बोर्डिंगात चुलीवर बाई हवी आहे. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. हौशाला विकून टाका. इथं एकटं कुणाच्या जिवावर राहणार?"

बोर्डिंगाचं बोलणं खोटं नव्हतं. बियाचे दाणे तिनं सोलून ठेवले होते आणि सोललेला दाणा कुंद हवेत टिकत नाही. आठवडाभरात त्याला बुरशी लागते. तुकडा पेरला नाही तर वर्षभर तेलाला आणि तोंडाला घरात काही राहणार नव्हतं. मग वाडी सोडायची. आणि वाडी सोडली की पारावर बसून केरबा म्हणणार, नारळ आणला न्हाय, पर गेली का न्हाय?

संध्याकाळी हौशाला पाणी दाखवताना तिनं प्रार्थना केली. तिची प्रार्थना मास्तरांसारखी हात जोडून नसे. शेजारणीला बांधावरून हाक मारावी तशी असे.

"बाबा, तू रविवारी बस म्हनलास, बसले. मास्तर ऊठ म्हनला तरी बसले. मग वापसा रविवारीच कशाला धाडलास रं? शनवार काय झिजला हुता? बरं, धाडलास ते धाडलास. आता मंगळवारपत्तूर पाऊस तरी धर. न्हाईतर मी बोर्डिंगात जाऊन पोरींच्या भाकरी थापीन, आन् हितं तुझं नाव घ्यायला एक चिटपाखरू ऱ्हायचं न्हाय. तुझंच नुस्कान हाय."

सोमवारी गुंडूनं बोलल्याप्रमाणं आपलं माळाचं रान पेरलं. हौशा आणि कऱ्या दिवसभर कुरी ओढत होते. दिवस मावळायला जू सोडलं, तेव्हा दोन्ही बैलांच्या तोंडाला फेस होता. बयाबाई तिथून ओढ्याकडं गेली. काळ्या रानातली मूठभर माती उचलून दाबली, अंगठ्यानं ढकलली. गोळा अल्लाद फुटला. वापसा आला होता. मावळतीला राधानगरीच्या बाजूनं ढग मात्र काळ्या म्हशींच्या कळपासारखे डोंगरावर चढत होते.

मंगळवार उजाडला तो गप्प. आषाढातल्या मंगळवारी मरगाईचा वार पाळायची वाडीची रीत होती. त्या दिवशी जू बांधायचं नाही, मातीला लोखंड लावायचं नाही, जातं फिरवायचं नाही. अशा गप्प गावातून बयाबाई दाण्यांचं गाडगं कमरेवर घेऊन आणि हातात बाभळीची एक टोकदार खुंटी घेऊन निघाली.

तासाभरात केरबा बांधावर हजर झाला. मागं चार माणसं.

"बयाबाई! वार मोडतीस व्हय गं?"

ती ओणवी होती. खुंटीनं भोक पाडायचं, दाणा टाकायचा, पायाच्या अंगठ्यानं माती लोटायची. तिनं मान वर केली नाही. "काय मोडलं सांग की. जू दिसतंय का?"

"न्हाय."

"लोखंड दिसतंय?"

"न्हाय खरं."

"जातं आनलंय का हितं?"

माणसांपैकी एकजण फसकन हसला. केरबानं त्याच्याकडं डोळे वटारले. "म्हून काय झालं? पेरनी ती पेरनीच. देवी खवळली आन् गावात पटकी आली, तर जबाबदार कोन?"

"ऐ केरबामामा!" ओढ्यापलीकडून आवाज आला. धोंडुबाई लुगड्याचा काचा मारत पाण्यातून येत होती. "गेल्या वारी मी परसात भोपळ्याचं बी बोटानं टोचलं. तुमच्या सुनंनं दोडका टोचला. पार येलावर चढला त्यो. तवा कुटं गेलती देवी? गावाला?"

"परसातलं येगळं."

"का? मरगाईला परसातलं दिसत न्हाय?"

केरबा विचारात पडला. तो रीत मानणारा माणूस होता आणि रीत मानणाऱ्याला रीतीबाहेरचं काही बोलता येत नाही. बायकांनी परसात बोटानं बी टोचलेलं चालतं, हे त्याच्या आईच्या वेळेपासून ठरलेलं होतं. परसू केवढं असावं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. शेवटी तो खाकरून म्हणाला, "बोटाचं मरगाईला चालतंय. पर पुरुषाचा हात लागता कामा नये," आणि बांधावरच्या दगडावर राखणीला बसला.

धोंडुबाईनं गाडग्यातले मूठभर दाणे ओच्यात घेतले आणि काठी मोडून खुंटी केली.

"तू कशाला आलीस?" बयाबाईनं विचारलं.

"भांडायला. रविवारी माज्या नवऱ्याला दारातनं हाकललंस. घरात दोन दिस नुसता धुमसतोय. भाकरीला मीठ न्हाय म्हनतोय, मीठ हाय तर जादा म्हनतोय. त्याचं उट्टं काढायला आलीया."

"मग भांड की."

"भांडती. वळ सरळ धर आदी."

दोघी ओणव्या होऊन भांडत सुटल्या. सासूच्या वेळची पाटल्यांची वाटणी निघाली, गुंडूच्या लग्नात न मिळालेलं लुगडं निघालं, कुणाच्या कोंबडीनं कुणाचं धान्य खाल्लं ते निघालं. एकेक भांडण मिटेतो एकेक ओळ पुरी होत होती. दुपार कलली. ढग डोक्यावर आले. अर्धा तुकडा झाला होता आणि दोघींच्या कमरा राहिल्या नव्हत्या.

तेवढ्यात गुंडू आला. "मी बगाय आलोय नुस्ता," असं त्यानं कुणी विचारायच्या आत सांगितलं आणि केरबाच्या शेजारी बसला.

थोडा वेळ त्यानं बघितलं. मग त्याला बघवेना. "वैनी, दोन वळींत वीतभर तरी ठेवा की! पीक घ्यायचं हाय का रांगोळी काढायची हाय?"

"तुमी नुस्तं बगा, भावजी."

"बगतोय म्हून तर सांगतोय. आगं ये, ती बग नागमोडी निघाली! दाना खोल गेला, कुजंल त्यो! चार बोटं, चार बोटं!" तो बसल्या जागी वळवळायला लागला. वाकडी पेरणी बघत बसणं म्हणजे त्याला उघड्या जखमेवर माशी बघण्यासारखं होतं. शेवटी तो उठला, कमरेचा करदोडा चाचपला, म्हणाला, "मामा, पुरुषाचा हात चालत न्हाय. पाय चालतोय का?"

केरबा आभाळाकडं बघत होता. पहिला थेंब त्याच्या नाकावर पडला होता आणि त्याला घरी जायचं होतं. "पायाचं आयनं काय सांगितलं न्हवतं," तो म्हणाला.

मग गुंडू टाच दाबत रानात पुढं निघाला. सरळ, सुतात धरल्यासारखा. त्याच्या टाचेच्या खळीत बायका दाणा टाकत गेल्या. काम दुपटीनं सरकायला लागलं. ओढ्याकडच्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या तेव्हा पावसानं गाठलंच. केरबा डोक्यावर घोंगडं घेऊन पळाला. हे तिघं भिजत राहिले. बयाबाईनं वर बघून ओरडून सांगितलं, "दोन वळी धरवल्या न्हाईत व्हय रं तुला!" आणि तशाच चिखलात शेवटचे दाणे बोटानं खोचले. त्या दोन ओळी पुढं उगवल्या नाहीत. बाकीचा तुकडा उगवला.

मास्तर पुढच्या खेपेला आले, तेव्हा रानात बोटभर कोंब आणि हातभर तण होतं. पेरणीआधी कुळव फिरला नव्हता. जू नाही आणि लोखंड नाही, मग तण मारणार कोण? तरी मास्तरांचे डोळे भरून आले.

"मार्थाबाई, मोठ्या सभेत साक्ष द्यायला या. रविवार पाळणाऱ्या बाईचं रान देवानं कसं राखलं, ते लोकांना कळू दे."

रानात केरबा आधीच आलेला होता. बांधावरच्या दगडाला हळदकुंकू लावत होता. तो उभा राहिला. "कुनी राखलं? मरगाईनं. वार न मोडता पेरलं म्हून उगवलंय हे. पावणं, तुमी त्या दिवशी न्हवता. मी हुतो."

"देव रविवारी हिची निष्ठा बघत होता—"

"आन् मंगळवारी पेरनी कुनाच्या परवानगीनं झाली?"

दोघांची चांगलीच जुंपली. मास्तर शुद्ध बोलत होते, केरबा अशुद्ध, पण दोघांचाही आवाज सारखाच चढत होता. धोंडुबाई बांधावर बसून मजा बघत होती. बयाबाई हात मांडीवर ठेवून तणाकडं बघत बसली होती. रविवार होता. तिच्या डोळ्यांदेखत ते वाढत होतं.

अखेर तिचा धीर सुटला. "आता गप बसताय का? येसूचं पीक हाय म्हंता, बरं. मरगाईचं हाय म्हंता, तेबी बरं. ज्याचं आसंल त्यानं उद्या उजाडताना खुरपं घिऊन भांगलाय या. येनाऱ्याचं पीक."

मास्तरांना आठवलं, की सोमवारी त्यांची शाळा असते. केरबाला आठवलं, की त्याचा गुडघा दुखतो.

"आन् मास्तर," बयाबाईनं त्यांना सायकलपाशी गाठून सांगितलं, "बोर्डिंगात दुसरी बाई बगा. माझ्या मागं हितं काम हाय."

सोमवारी उजाडायला ती रानात गेली, तेव्हा तिथं कुणी नव्हतं. तिनं एका कडेनं भांगलायला सुरुवात केली. अर्धी ओळ झाली असेल नसेल, मागून करवादणं ऐकू आलं.

"हे आसलं तण! आनी ही म्हनं रविवारी बसून ऱ्हाती! आक्का, सरक तिकडं, खुरपं तरी नीट धर!"

धोंडुबाई लुगडं खोचून शेजारच्या ओळीत बसली. बयाबाईनं हळूच वर बघितलं. तू आला न्हाईस ते ठीक हाय, तिनं मनात सांगितलं, पर हिला धाडलीस ते बेस केलंस.

धोंडुबाईला तिनं हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती खुरपं टाकून घरी गेली असती.